शेवटचे दिवे लाल का पडतात: पिक्सेल पट्टी, तांब्याची वायर आणि बेळगावचा पाऊस

गणपतीच्या कमानीवर पिक्सेल पट्टी चढवली, सगळीकडे पांढरा रंग सोडला. डाव्या खांबावर उजेड दुधासारखा. वरच्या आडव्या पट्टीवर तो पिवळसर होतो आणि उजव्या खांबाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तांबूस. मग गल्लीत पहिलं वाक्य ठरलेलं: "माल हलका दिलाय." पट्टी परत जाते, नवी येते, तीही त्याच जागी तांबूस पडते.

दोष पट्टीत नसतो. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात. लाल एलईडी पेटायला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ किंवा थोडे जास्त. वायरीतून आणि पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्टेज घसरलं की निळा आधी मंदावतो, मग हिरवा, आणि लाल एकटा उरतो. म्हणजे शेवटाला दिसणारा लाल रंग हे एक मोजमाप आहे: तिथपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. मल्टिमीटर नसलेल्या माणसालाही ते दुरून वाचता येतं.

प्रोग्रॅम, इफेक्ट, गाण्यावर नाचणारे दिवे, हे सगळं हौसेचं आहे आणि ते शिकायला दोन संध्याकाळ पुरतात. पण मंडपात, घराच्या दर्शनी भिंतीवर किंवा बागेत दिवे दहा दिवस टिकणार की तिसऱ्या रात्री विझणार, हे वायरीची जाडी, जोडणीच्या जागा आणि पाणी या तीन गोष्टींवर ठरतं. म्हणून इथे आधी हिशेब, मग रंग.

पाच, बारा की चोवीस

बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी पट्टी डब्ल्यूएस २८१२बी, ५ व्होल्टची. तिच्यात प्रत्येक एलईडी हा स्वतंत्र पिक्सेल असतो. मीटरला ६० दिव्यांची पट्टी असेल तर मीटरला ६० पिक्सेल. हिशेबाला प्रत्येक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरावा. नव्या आवृत्त्या कमी ओढतात, पण हिशेब वरच्या बाजूनेच करावा.

दुसरी डब्ल्यूएस २८११, १२ व्होल्टची. हिच्यात एक चिप एकापुढे एक जोडलेले तीन एलईडी चालवते. म्हणून ६० दिव्यांच्या मीटरमध्ये पिक्सेल २०च. प्रत्येक पिक्सेल पांढऱ्यावर सुमारे ५५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे मीटरला १.१ अँपिअर, १३ वॅटच्या आसपास. कंट्रोलरमध्ये, म्हणजे पिक्सेलना रंगांचा डेटा पाठवणाऱ्या पेटीत, पिक्सेलचा आकडा टाकताना इथे पुष्कळ जण चुकतात: ५ मीटरच्या रिळात दिवे ३०० मोजून ३०० टाकतात, खरा आकडा १००. मग एकामागून एक धावणारा इफेक्ट पट्टीच्या बाहेर पळतो आणि बराच वेळ काहीच पेटत नाही.

डब्ल्यूएस २८१५ हीसुद्धा १२ व्होल्टची, पण तिच्यात डेटाची एक राखीव तार असते. मधला एक पिक्सेल मेला तरी पुढचे चालू राहतात. २८११ आणि २८१२मध्ये एक मेला की त्याच्यापुढचे सगळे अडकतात. शिडी लावून पुन्हा चढणं कठीण असेल अशा जागी, म्हणजे देवळाच्या शिखरावर किंवा तीन मजली घराच्या गच्चीच्या कडेला, २८१५चे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

२४ व्होल्टच्या पट्ट्या कायमच्या वास्तूकामासाठी उत्तम. १२० वॅटला ५ व्होल्टवर २४ अँपिअर लागतात, १२ वर १०, आणि २४ वर फक्त ५. वायरीतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

बुलेट पिक्सेलबद्दल, म्हणजे तारेत माळेसारख्या ओवलेल्या सुट्या पिक्सेलबद्दल, एक सांगून ठेवायला हवं. ५० पिक्सेलच्या माळेतला १२ व्होल्टचा बुलेटही एकच एलईडी चालवतो आणि उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. ५ व्होल्टचा बुलेट जिथे ०.३ वॅट घेतो तिथे १२ व्होल्टचा त्याच उजेडाला ०.६ वॅटच्या पुढे जातो. अंतर लांब असेल तर ते सोसावं. छोट्या फलकावर ५ व्होल्टच बरे.

एका कमानीचा हिशेब

गल्लीच्या तोंडाशी उभी राहणारी साधी कमान घेऊ: दोन्ही खांब १५ फूट, वर २० फूट. कडेने एक ओळ धरली तर ५० फूट, म्हणजे १५ मीटर. १२ व्होल्टची २८११ पट्टी, ५ मीटरची तीन रिळं, ३०० पिक्सेल. पूर्ण पांढऱ्यावर १६.५ अँपिअर, १९८ वॅट.

एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे ५, १२ किंवा २४ व्होल्ट करणारी पेटी, नेहमी ८० टक्क्यांच्या आत वापरावा. १२ व्होल्ट २५ अँपिअर, म्हणजे ३०० वॅटचा एक घेतला तर ८० टक्के म्हणजे २४० वॅट. आपले १९८ त्यात बसतात. २०० वॅटचा घेऊन "बसतोय की" म्हणणाऱ्याला पहिल्याच पांढऱ्या फ्लॅशला दिवे विझताना आणि पुन्हा लागताना दिसतील: एसएमपीएस ओव्हरलोडला बंद होतो, पुन्हा उठायचा प्रयत्न करतो, पुन्हा पडतो.

आता वीज कुठे कुठे सोडायची? ० मीटरवर, ५ वर, १० वर आणि १५ वर, अशा चार ठिकाणी. मधल्या दोन जागा दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या रिळाला पुरवतात म्हणून तिथून प्रत्येकी ५.५ अँपिअर जातो, टोकाच्या दोन जागांतून २.७५. एसएमपीएस डाव्या खांबाच्या मागे असेल तर १० मीटरच्या जागेपर्यंत वायर जाऊन-येऊन २० मीटर होते. दीड एमएम (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर) वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१३३ ओहम, म्हणजे घसरण जवळजवळ १.४६ व्होल्ट. शेवट पिवळा पडलाच. अडीच एमएमला मीटरला ०.००८ ओहम, घसरण ०.८८ व्होल्ट. चालतं. १५ मीटरच्या टोकाला अडीच एमएमने ०.६६ व्होल्टच घसरतात, कारण तिथे करंट निम्मा आहे.

हीच कमान ५ व्होल्टच्या २८१२बीने करायची ठरवली तर? ९०० पिक्सेल, ५४ अँपिअर. १० मीटरच्या जागेला १८ अँपिअर, अडीच एमएमने घसरण २.८८ व्होल्ट. पाचातून इतके गेल्यावर निळा उरतच नाही. म्हणून कमानीला, इमारतीला, लांब कुंपणाला ५ व्होल्ट वापरू नये. तो मूर्तीमागच्या प्रभावळीला, मखराला, दोन-तीन फुटांच्या फलकाला.

एसएमपीएस कमानीच्या मध्यावर वर बसवला तर अंतरं अर्ध्यावर येतात आणि दीड एमएमनेही काम भागतं. डेकोरेटर तसं सुचवतात आणि त्यात तांबं वाचतं हे खरं. तरीही २३० व्होल्ट ओल्या बांबूवर किंवा लोखंडी कमानीवर १५ फूट उंच नेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. २३० व्होल्ट खालीच, बंद पेटीत, छातीएवढ्या उंचीवर थांबावेत. मुलांचा हात पोचेल तिथून पुढे फक्त १२ व्होल्ट. चार पैशांची अडीच एमएम वायर जास्त लागली तर लागू दे.

प्रत्येक जोडणीच्या प्लसमध्ये गाडीतला ब्लेड फ्यूज टाका. मधल्या जागांना साडेसात अँपिअर, टोकांना पाच. पट्टीत कुठे पाणी शिरून शॉर्ट झालं तर २५ अँपिअरचा एसएमपीएस मुकाट्याने तेवढा करंट ओतत राहतो, त्याच्या दृष्टीने तो ओव्हरलोड नसतोच, आणि पट्टी जळते. फ्यूज त्या एका जागेपुरता उडतो.

दोन एसएमपीएस लागत असतील तर त्यांचे प्लस कधीही एकमेकांना जोडू नका. जिथे एकाचा भाग संपतो तिथे पट्टीचा प्लस कापायचा. मायनस मात्र सगळ्यांचे एकत्र, आणि कंट्रोलरचाही मायनस त्यातच. मायनस तुटलेला असला की डेटाला परतीची वाट राहत नाही आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

एसएमपीएसच्या बाजूची छोटी कळ

जाळीच्या पेटीतल्या बऱ्याच एसएमपीएसना बाजूला एक लाल सरकती कळ असते, ११५ आणि २३० अशी. पेटी उघडताच ती पाहा. ११५ वर राहिली आणि २३० दिले तर पहिल्याच सेकंदाला आतले कपॅसिटर फुटतात. २३० वर करून वर चिकटपट्टी मारून टाका, म्हणजे हातोहात फिरताना ती सरकणार नाही.

सात-आठ एसएमपीएस एका एमसीबीवर घेतले की स्विच टाकताच एमसीबी पडतो, आणि लोड मोजला तर तो कमीच भरतो. कारण एसएमपीएस थंड असताना क्षणभर ३० ते ६० अँपिअरचा झटका घेतो. बी प्रकारचा एमसीबी त्याला घाबरतो. सी प्रकारचा घ्यावा, किंवा एसएमपीएस दोन-दोन करून पाठोपाठ चालू करावेत. आरसीसीबीचं, म्हणजे अर्थला वीज गळली की ती तोडणाऱ्या स्विचचंही तसंच. प्रत्येक एसएमपीएसचा फिल्टर २ ते ३.५ मिलिअँपिअर अर्थला गळू देतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. म्हणून एका आरसीसीबीवर चारपेक्षा जास्त नकोत. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणं हा उपाय नव्हे. मंडपात पाण्याने भिजलेली माणसं लोखंडी खांबांना धरून उभी असतात. लोखंडी कमान, एसएमपीएसची पेटी, दोन्हींना अर्थ हवंच, आणि वीज हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तात्पुरत्या जोडणीतून, शेजारच्या घराच्या बोर्डातून ओढलेल्या वायरीतून नव्हे.

बेळगाव जिल्ह्याची हवाही सगळीकडे एक नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पाण्याची भीती, अथणीकडे धुळीची आणि उन्हाची. बहुतेक एसएमपीएस पूर्ण वॅट ५० अंशांपर्यंतच देतात. उन्हातल्या पत्र्याच्या बंद पेटीत ५० अंश व्हायला वेळ लागत नाही. तिकडे पेटीला खालून आणि बाजूने जाळी ठेवा आणि ८० ऐवजी ६० टक्क्यांनी हिशेब करा.

डेटाची तार

पिक्सेलला डेटा सेकंदाला ८ लाख बिट्सने जातो. एका पिक्सेलला २४ बिट्स, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. १,००० पिक्सेल एकाच ओळीत असतील तर एक चित्र पाठवायला ३० मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला ३३ च्या वर चित्रं बदलता येत नाहीत. गाण्याच्या ठेक्यावर दिवे हवे असतील तर एका आउटपुटवर ५०० ते ६०० पिक्सेल पुरेत.

ईएसपी ३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो. पिक्सेलची चिप ५ व्होल्टवर चालते आणि ३.५ व्होल्टच्या वर गेलं तरच त्याला "१" मानते. थेट जोडलं तर टेबलावर चालतं आणि मंडपात नेलं की रंग उडतात. मध्ये सिग्नल ५ व्होल्टला उचलणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला, तिला ५ व्होल्ट द्या, आणि तिच्या आउटपुटला १०० ते ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. कंट्रोलर ते पहिला पिक्सेल हे अंतर तीन-चार मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब जायचं असेल तर डेटा आरएस ४८५ (लांब अंतराच्या सिग्नलची पद्धत) मध्ये बदलून नेटवर्क केबलच्या एका पिळलेल्या जोडीतून न्यावा आणि दुसऱ्या टोकाला परत बदलावा. डेटाची तार २३० व्होल्टच्या वायरीला खेटून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पट्टीवर बाण छापलेला असतो. डेटा बाणाच्या दिशेनेच जातो. हे सगळ्यांना माहीत असूनही रात्री अकराला घाईत तुकडा उलटा लागतो, म्हणून चढवण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या आत जाणाऱ्या टोकाला पांढरी चिकटपट्टी लावून ठेवा. बुलेट माळांच्या तारांच्या रंगावरही विसंबू नका. एका खेपेत मायनस पांढरा, दुसऱ्या खेपेत निळा आणि पांढरा डेटाला, असं होतं. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय वीज देऊ नये. डेटाच्या तारेवर १२ व्होल्ट गेले की पहिला पिक्सेल जागीच मरतो.

कंट्रोलर

डेकोरेशनच्या धंद्यात सगळीकडे टी-१००० दिसतो. संगणकावर एलईडीएडिट या प्रोग्रॅममध्ये पिक्सेलची मांडणी काढायची, चित्रं-इफेक्ट टाकायचे, तयार फाइल एसडी कार्डवर घ्यायची आणि कार्ड कंट्रोलरला लावायचं. मांडणी काढताना पिक्सेलचा क्रम प्रत्यक्ष तार जशी फिरली आहे तसाच हवा. नागमोडी वायरिंग केलं आणि मांडणी सरळ ओळींची ठेवली तर "श्री" अक्षरातली एक आड एक ओळ उलटी दिसते. टी-१००० वायफाय मागत नाही, वीज गेली-आली तरी आपोआप चालू होतो. गर्दीच्या जागी हा मोठा गुण आहे.

घरासाठी, बागेसाठी आणि हौसेसाठी ईएसपी ३२ वर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर घालावं. ते फुकट आहे आणि ब्राउझरमधूनच बोर्डावर चढतं. नव्या माणसाने त्यात आधी चार गोष्टी कराव्यात. पिक्सेलचा खरा आकडा आणि चिपचा प्रकार टाका. रंगांचा क्रम तपासा: लाल मागितला आणि हिरवा आला तर क्रम जीआरबी आहे की आरजीबी एवढंच बदलायचं, पट्टी नव्हे. करंटची मर्यादा घाला. वरच्या कमानीला २०,००० मिलिअँपिअर, म्हणजे कुणी मोबाइलवरून पूर्ण पांढरा केला तरी एसएमपीएस पडणार नाही. आणि चालू होताच कोणता प्रीसेट (साठवून ठेवलेला रंग-इफेक्ट) लागावा ते ठरवा, नाहीतर वीज गेल्यानंतर दिवे मूळच्या केशरी रंगात बसून राहतात.

वेळेचं पानही भरा. भारताची वेळ निवडा, अक्षांश १५.८५ आणि रेखांश ७४.५० टाका, की बेळगावच्या सूर्यास्ताला दिवे लागतात आणि रात्री अकराला मंद होतात. वेळ इंटरनेटवरून येते. नेट नसेल तिथे साधा टायमर स्विच बरा. बोर्डाच्या स्वतःच्या वायफायचा मूळ पासवर्ड जगजाहीर आहे. मिरवणुकीत तो न बदलता ठेवला तर गर्दीतला कुणीही रंग बदलेल.

उजेड १०० टक्के ठेवायची गरज गल्लीत नसतेच. डोळा उजेड जसा वाढतो तसा मोजत नाही. ४० टक्क्यांवर पट्टी पुरेशी तेजस्वी दिसते, वीज ४० टक्केच जाते आणि शेवटचा लालपणाही निम्म्याहून कमी होतो. फ्लॅशचा इफेक्ट सेकंदाला तीनच्या वर नेऊ नका. त्यापेक्षा जलद लुकलुकीने अपस्मार असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो, आणि दर्शनाच्या रांगेतल्या माणसाला तिथून पटकन बाजूला होता येत नाही.

मोबाइलच्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे येतात ते पिक्सेल सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो त्यामुळे. जुन्या २८११ आणि २८१२ ला ते ४०० च्या आसपास असतं. २८१५ ला २,०००, तिथे पट्टे जवळजवळ जातात.

पाऊस

आपल्याकडे गणपती पावसातच येतात. पट्टीवर आयपी ६५ लिहिलंय म्हणजे वरून पडणारं पाणी आणि फवारा तिला चालतो. पण पाणी वरून शिरत नाही, टोकातून शिरतं. कापलेल्या टोकातून, सोल्डर केलेल्या जागेतून ते सिलिकॉनच्या नळीत ओढलं जातं आणि मीटरभर आत जाऊन बसतं. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिक्सेल मरायला लागतात.

टोक बंद करायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सिलिकॉन सीलंटची नळी सगळे वापरतात. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती इथे नको. वाळताना तिच्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तेच तांबं खातं. "न्यूट्रल क्युअर" लिहिलेली घ्या. आधी सोल्डर, मग आत गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), टोपीत सिलिकॉन भरून ती बसवा, आणि २४ तास वाळू द्या. आदल्या रात्री केलेली जोड पावसात उघडी पडते.

पेटीत वायर वरून कधीच घेऊ नये. खालून घ्या, आणि पेटीच्या आधी वायरीला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे थेंब वळशावरून खाली पडतो. पेटीच्या तळाला ५ मिमीचं भोक ठेवा. पूर्ण बंद पेटीत रात्री दव साचतं. रेनप्रूफ एसएमपीएस म्हणजे पाण्यात ठेवायचा एसएमपीएस नव्हे. तोही छपराखाली, उभा, वायरी खाली करून टांगायचा.

पट्टीमागचा चिकट टेप बांबूवर, प्लायवर किंवा कापडावर दोन पावसांत सुटतो. अ‍ॅल्युमिनियमची पन्हाळी स्क्रूने बसवून तिच्यात पट्टी ठेवावी. ती उष्णताही ओढते आणि पट्टी सरळ ठेवते. दिव्यांचे ठिपके न दिसता सलग रेघ हवी असेल तर पट्टी आणि दुधी झाकण यांच्यात दोन दिव्यांमधल्या अंतराएवढी खोली हवी. ६० दिव्यांच्या पट्टीला ते १७ मिमी होतं. उथळ पन्हाळीत ठिपके दिसणारच.

जांभ्याची भिंत

कायमच्या कामाचं मन वेगळं असतं. खानापूर भागातली चिऱ्याची घरं, जांभ्याची कुंपणं, कौलांच्या पागोळ्या यांवर सात रंग फिरवू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यामागे भौतिक कारणही आहे. जांभा तांबडा आहे, म्हणजे तो लाल-पिवळा उजेड परत फेकतो आणि निळा गिळतो. निळा दिवा सोडला तर भिंत काळपट, मळकट दिसते आणि वीज वाया जाते. २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार पांढरा किंवा अंबर सोडला तर तोच दगड आतून तापल्यासारखा दिसतो. काळ्या दगडाच्या ओवरीला उजेड दुप्पट लागतो, कारण काळा दगड फारसं काहीच परत देत नाही.

दगडाचा खडबडीतपणा दाखवायचा असेल तर दिवा भिंतीपासून १५ ते २० सेंमीवर, जमिनीतून वर. प्रत्येक खड्ड्याला सावली पडते. गिलाव्याच्या भिंतीला तसं करू नका, गवंड्याच्या थापीचा प्रत्येक उंचवटा दिसेल. तिथे दिवा भिंतीच्या उंचीच्या एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश मागे न्या. ३ मीटरच्या भिंतीला ७५ सेंमी ते १ मीटर.

अशा जागी पिक्सेल पट्टीपेक्षा २४ व्होल्टचे, डीएमएक्सवर (दिव्यांना हुकूम पोचवण्याच्या एका पद्धतीवर) चालणारे वॉल वॉशर, म्हणजे भिंतीवर उजेड पसरवणारे दिवे, घ्यावेत. डीएमएक्सच्या एका ओळीत ५१२ चॅनेल. लाल, हिरवा, निळा, पांढरा अशा चार चॅनेलच्या दिव्याला पहिला पत्ता १, दुसरा ५, तिसरा ९. केबल एका दिव्यातून दुसऱ्यात अशीच न्यायची, मधून फाटे फोडायचे नाहीत, आणि शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा. तो विसरला की टोकाहून सिग्नल उलटा फिरतो आणि मधलाच एखादा दिवा अधूनमधून थरथरतो. तो दिवा बदलून काही होत नाही. संरक्षित जुन्या वास्तूवर एक खिळाही ठोकण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

पहिल्या पावसानंतर पंखांच्या वाळवीचे थवे दिव्यावर येतात. निळसर पांढऱ्यावर सगळ्यात जास्त, अंबरवर कमी. जूनमध्ये महिनाभर प्रोग्रॅममध्ये अंबरचा प्रीसेट ठेवला तर सकाळी ओटीवर पंखांचा ढीग कमी पडतो.

किल्ला आणि चित्ररथ

दिवाळीच्या मातीच्या किल्ल्याला ५ व्होल्टच्या ५० बुलेटची एक माळ पुरते. पूर्ण पांढऱ्यावर ती ३ अँपिअर मागते, पण डब्ल्यूएलईडीत मर्यादा १,००० मिलिअँपिअर घातली तर साध्या ५ व्होल्ट २ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर रात्रभर चालते. बुलेट बुरुजांच्या आत, तोंड खाली करून ठेवा. मुलांना दिवा नको असतो, खिडकीतून येणारा उजेड हवा असतो. पॉवर बँक वापरली तर करंट फार कमी झाल्यावर ती आपोआप बंद पडते, त्यामुळे फार मंद इफेक्ट नकोत. रोज पाणी शिंपडलेल्या मातीत जोड पुरू नका.

शिवजयंतीच्या चित्ररथाचं दुखणं वेगळं: हादरे. ट्रॉली खड्ड्यांतून जाताना सोल्डरचे सांधे तुटतात. जोडापासून दोन इंचांवर वायर केबल टायने बांधली की ताण सांध्यावर येत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२ व्होल्टची पट्टी थेट लावू नका. इंजिन चालू असताना तिथे १४.४ व्होल्ट असतात, इंजिन बंद होऊन बॅटरी दमली की ११ च्या खाली. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा. जनरेटर असेल तर आधी तो चालू करा, स्थिर होऊ द्या, मग दिव्यांचा स्विच टाका.

बिघाड शोधताना

आधी सगळं पांढरं करा आणि शेवटच्या टोकाला मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या पट्टीवर ११ च्या आसपास आणि ५ च्या पट्टीवर ४.५ च्या वर असेल तर वीज ठीक आहे, दोष डेटात शोधा. एका जागेपर्यंत दिवे नीट आणि पुढे सगळे बंद असतील तर पहिला बंद दिवाच मेला असं समजू नका. शेवटच्या चालू दिव्याचं आउटपुट जळलं असण्याची शक्यता तेवढीच असते. दोन्ही कापून नवा तुकडा घाला. सगळी माळ अधूनमधून फडफडत असेल तर मायनस आणि ७४एएचसीटी१२५ तपासा. संध्याकाळी चालतं आणि पाऊस आला की बिघडतं, तर जोड उघडा आणि तांब्यावर हिरवं दिसतंय का पाहा.

दिवे काळे असले तरी प्रत्येक चिप थोडा करंट घेतच असते, ९०० पिक्सेलचा मिळून अर्धा ते एक अँपिअर. म्हणून दिवसा एसएमपीएस रिलेने किंवा स्विचने बंद करा.

विसर्जनानंतर पट्टी ओढून काढू नका. चिप आणि पट्टीमधला सांधा वाकवल्यावर तडकतो. पन्हाळीसकट उतरवा, कोरड्या कापडाने पुसा, दोन दिवस सावलीत वाळवा, मग ताटाएवढ्या मोठ्या वळशात गुंडाळा. प्रत्येक रिळावर व्होल्टेज, चिप, पिक्सेलचा आकडा आणि आत जाणारं टोक कोणतं हे मार्करने लिहून ठेवा, आणि एसएमपीएसच्या कळीवरची चिकटपट्टी तशीच राहू द्या.